‘ययाति’ वाचताना: स्मशानवैराग्य आणि इच्छेचं बिल

मागच्या वेळी आपण ‘विषय’ आणि ‘संशोधन प्रश्न’ यांतला फरक बघितला होता. आज तोच फरक एका कादंबरीवर लावून बघू. कादंबरी आपल्या कोल्हापुरातली, वि. स. खांडेकरांची ‘ययाति’. नेट-सेटच्या नोट्समध्ये तिच्यावर चार ओळी असतातच: प्रकाशन 1959, साहित्य अकादमी पुरस्कार 1960, ज्ञानपीठ 1974, मराठीला मिळालेलं पहिलं ज्ञानपीठ, आशय भोगवादाची निरर्थकता. पाठ करायचं आणि पुढं जायचं. मीही तेच केलं होतं. एम.ए.ला असताना या कादंबरीवर सोळा मार्कांचा प्रश्न सोडवलाय आणि मार्कही बरे पडलेत. पण कादंबरी नीट वाचली ती गेल्या वर्षी, आणि तीही एका मयतीवरून आल्यावर.

शिवाजी पेठेत आमच्या गल्लीतले एक वयस्कर गृहस्थ वारले. पंचगंगेच्या स्मशानभूमीत गेलो. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, कोल्हापुरात महापालिकेकडून अंत्यसंस्कार मोफत होतात आणि त्यासाठी लोक शेणी दान करतात. म्हणजे शेवटच्या प्रवासात श्रीमंत-गरीब असा हिशोब निदान तिथं तरी फारसा राहत नाही. चिता पेटली तशी सगळी गप्प झाली. कुणीतरी म्हणालं, “काय घेऊन जायचंय सांगा.” सगळ्यांनी माना हलवल्या. मीपण हलवली. आणि गाडी काढेपर्यंत दोघांचा विषय सुरू झाला होता, त्या घराचं आता काय होणार, बिल्डर किती देईल. मी त्यांना नावं ठेवणार होतो, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मी स्वतः मघापासून एका मुलाखतीचा विचार करतोय आणि जागा निघाली तर पहिल्या पगारात काय घ्यायचं ते ठरवतोय.

आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे: स्मशानवैराग्य. घाटाच्या पायऱ्या चढेपर्यंत टिकणारं वैराग्य. शब्द थट्टेचा आहे, पण त्यामागं एक गंभीर प्रश्न आहे. मरणाची आठवण झाली की माणसाची हाव कमी होते, असं आपण धरून चालतो. खरंच तसं होतं का? आणि पुस्तक वाचून जे ‘मृत्यूचिंतन’ होतं, ते तरी पायऱ्यांच्या वर टिकतं का? हा प्रश्न डोक्यात घेऊन मी ‘ययाति’ परत उघडली.

प्रत्येक मरणानंतर ययाति काय करतो?

पद्धत अगदी साधी ठेवली. कादंबरीत जिथं जिथं मृत्यू येतो, कुणी मरतं किंवा ययातिला मरणाची नुसती भीती वाटते, तिथं कागदाची चिठ्ठी घालायची. (पुस्तक वाचनालयाचं असेल तर पेन्सिल चालवू नका, चिठ्ठीच घाला.) मग पुढची काही पानं वाचून चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहायची: यानंतर ययाति काय करतो?

मला वाटलं होतं चिठ्ठ्यांवर ‘पश्चात्ताप’, ‘विचार’, ‘संयम’ असलं काहीतरी येईल. आलं भलतंच.

बाप नहुष मृत्युशय्येवर आहे. इंद्राला हरवणारा हा पराक्रमी राजा जगण्यासाठी तळमळतोय, आणि तरणाताठा मुलगा ते बघतोय. शहाणपण यायचं असेल तर यापेक्षा मोठा धडा कोणता? पण ययाति तिथून उठतो तो घाबरून, आणि त्या भीतीतून त्याची पावलं वळतात ती मुकुलिका या दासीकडं. मरण विसरायला त्याला शरीर लागतं. पुढं जिवलग मित्र माधव जातो. पुन्हा तीच भीती. पुन्हा मद्य, पुन्हा अशोकवन, आणि आधीपेक्षा जास्त खोल. चिठ्ठ्या समोर मांडल्या तेव्हा रांग सरळ दिसली: मरण, मग भोग. मरण, मग आणखी भोग.

आता गंमत बघा. ‘ययाति मृत्यूला विसरला म्हणून भोगात बुडाला’ असं आपण परीक्षेत लिहितो. पण कादंबरीत तो मरण विसरलेला नाहीच. त्याच्याइतका मरणाचा विचार करणारा नायक मराठीत शोधावा लागेल. त्याला मरण सतत आठवतं, म्हणूनच तो घाई करतो. आयुष्य थोडं आहे हे वाक्य त्याला ‘पुरे कर’ असं सांगत नाही, ‘लवकर घे’ असं सांगतं.

म्हणून ‘ययाति कादंबरीतील मृत्यूचिंतन’ हा माझ्या मते फक्त विषय झाला. त्यावर दोनशे पानं लिहिता येतील आणि शेवटी हाताला काही लागणार नाही. संशोधन प्रश्न असा होईल: मृत्यूची जाणीव या कादंबरीत हाव कमी करते की वाढवते, आणि ती कमी होते तेव्हा नेमकं कशामुळं?

प्रयोगशाळेतलं स्मशान

इथं मानसशास्त्रातल्या काही कामाचा उपयोग होतो. साहित्याच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या शाखेतलं वाचताना जपून वाचावं, पण वाचावं.

2000 साली टिम कॅसर आणि केनन शेल्डन या दोन अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. काही जणांना स्वतःच्या मरणाविषयी लिहायला सांगितलं आणि बाकीच्यांना दुसऱ्या साध्या विषयावर. नंतर विचारलं, पुढं तुमची आर्थिक स्थिती कशी असेल? मरणाविषयी लिहिलेल्यांनी स्वतःसाठी जास्त पैशांची, जास्त सुखसोयींची कल्पना केली. दुसऱ्या प्रयोगात जंगलतोडीचा एक खेळ होता, त्यातही त्यांनी जास्त लाकूड मागितलं. थोडक्यात, ययातिच.

पण 2004 साली फिलिप कोझोलिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळ्या तऱ्हेने विचारलं. ‘मरणाविषयी लिहा’ असं मोघम न सांगता त्यांनी एक प्रसंग दिला: तुम्ही उंच इमारतीत आहात, आग लागली आहे, सुटका नाही. त्या क्षणी काय वाटेल, आजवरचं आयुष्य कसं गेलं, आणि तुमच्या घरच्यांवर याचा काय परिणाम होईल, हे लिहा. जी माणसं एरवी पैसा-प्रतिष्ठेला फार महत्त्व देणारी होती, त्यांची हाव या तऱ्हेच्या लिहिण्यानंतर कमी झालेली दिसली.

सावधगिरी म्हणून हेही सांगतो की मृत्यूच्या आठवणीचे असले प्रयोग वादग्रस्त आहेत. या क्षेत्रातला एक गाजलेला जुना प्रयोग अनेक प्रयोगशाळांनी मिळून पुन्हा केला, तेव्हा अपेक्षित परिणाम आढळला नाही. म्हणून ‘विज्ञानाने सिद्ध केलं आहे’ असलं वाक्य प्रबंधात लिहू नका. मी या दोन अभ्यासांकडून पुरावा घेत नाही, एक भेद घेतोय. मोघम मरण वेगळं आणि माणसांसकट, नात्यांसकट डोळ्यांपुढं आलेलं मरण वेगळं. हा भेद घेऊन परत कादंबरीकडं येऊ.

हजार वर्षं आणि काही क्षण

महाभारताच्या आदिपर्वात शुक्राचार्यांच्या शापाने म्हातारा झालेला ययाति आपल्या पाच मुलांकडं तारुण्य मागतो. चौघं नाही म्हणतात, धाकटा पुरू देतो. मग ययाति हजार वर्षं उपभोग घेतो आणि शेवटी त्याला कळतं की इच्छा उपभोगाने भागत नाही. तिथला धडा अनुभवातून येतो. भरपूर खाल्ल्यावर कळणारा धडा.

खांडेकरांनी ही हजार वर्षं काढूनच टाकली. त्यांचा ययाति पुरूचं तारुण्य घेतो आणि काही क्षणांतच त्याला स्वतःच्या क्रौर्याची जाणीव होते. मग कचाच्या मदतीने तो पुरूचं तारुण्य परत देतो आणि राज्यही त्याच्या हाती सोपवतो.

कथेतला हा बदल छोटा नाही. खांडेकरांच्या ययातिला ‘भोगून कंटाळा आला’ म्हणून शहाणपण येत नाही, त्याला कंटाळायला वेळच मिळालेला नाही. मरणाच्या विचारानेही येत नाही, तो विचार तर आयुष्यभर त्याच्यासोबत होता. ते येतं कारण पहिल्यांदाच त्याच्या इच्छेची किंमत दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर त्याला उघड दिसते. आत्तापर्यंत त्याला म्हातारपण म्हणजे ‘माझं’ म्हातारपण, मरण म्हणजे ‘माझं’ मरण एवढंच दिसत होतं. आता म्हातारपण समोर उभं आहे, ते मुलाच्या अंगावर आहे, आणि ते आपण घातलेलं आहे.

तारुण्य घेतल्यावर समोर कोण उरतं, हा प्रश्न गिरीश कार्नाडांनीही त्यांच्या 1961 च्या कन्नड ‘ययाति’ नाटकात विचारला. त्यांनी पुरूला बायको दिली, चित्रलेखा. एका क्षणात म्हातारा झालेला नवरा बघून ती जीव देते. म्हणजे दोन वर्षांच्या अंतराने, दोन भाषांत, दोन लेखक जुन्या कथेतल्या एकाच रिकाम्या जागेवर बोट ठेवतात: राजाला कळलं ते ठीक आहे, पण किंमत कुणी दिली?

बिल वाचकाच्या हातात

इथं माझी खांडेकरांबद्दल एक तक्रार आहे आणि एक कौतुक.

तक्रार अशी. ययातिच्या इच्छेची किंमत पुरूच्या आधीही माणसं देतच होती. सोनेरी केसांच्या अलकेचा जीव गेला. शर्मिष्ठेला तान्ह्या पुरूला घेऊन राजधानी सोडावी लागली. ययातिला वाईट वाटतं, पण तो थांबत नाही. त्याचा हात थांबतो तो बिल स्वतःच्या रक्ताच्या मुलावर, तेही मुलग्यावर, फाटल्यावर. दासीवर, बाईवर फाटलेली बिलं त्याला वाचता आली नाहीत. कादंबरी या गोष्टीवर पुरेसं थांबत नाही असं मला वाटतं. शेवटच्या परिवर्तनाचं आपण कौतुक करतो तेव्हा हा उशीर मोजला पाहिजे.

कौतुक असं की ययातिला जे दिसत नाही ते वाचकाला दिसेल अशी सोय कादंबरीच्या रचनेतच आहे. ‘तीन निवेदक’ हा मुद्दा नोट्समध्ये ‘तंत्र’ या मथळ्याखाली एका ओळीत संपतो: ययाति, देवयानी, शर्मिष्ठा. पण ते तीन का आहेत? एकट्या ययातिने सांगितलं असतं तर आपण त्याच्या भीतीत, त्याच्या सबबींत अडकलो असतो. तो फार गोड सबबी सांगतो. बापाला मिळालेला शाप आहे, नहुषाची मुलं सुखी होणार नाहीत असं ऋषी बोलून गेलेत, मोठा भाऊ यति घर सोडून गेलाय, बायको अहंकारी आहे. सगळं खरंही आहे. पण मग पान उलटतं, शर्मिष्ठा बोलायला लागते, आणि त्याच प्रसंगाची दुसरी बाजू आपल्यापुढं येते. त्याने जिथं ‘मला सुख हवं होतं’ म्हटलेलं असतं, तिथं तिने काय भोगलं ते येतं. जमा एकाच्या निवेदनात, खर्च दुसरीच्या निवेदनात. बेरीज वाचकाने करायची.

आता विचारा, मग कच कशाला आहे? परीक्षेत उतारे येतात ते बहुतेक कचाच्या चिंतनावर, संयम, आत्मा, त्याग वगैरे. खांडेकरांना तो प्रिय आहे हे उघड आहे. पण मला प्रामाणिकपणे सांगायचं तर कचाने मला एकदाही अस्वस्थ केलं नाही. त्याचं बोलणं वाचताना मी घाटावरच्या त्या माणसांसारखी मान हलवली, बस्. आणि त्याग आपोआप चांगला ठरत नाही हेही हीच कादंबरी यतिच्या रूपाने दाखवते. संसार सोडून, देहाचा द्वेष करत करत त्याचं मन विकृत होतं. म्हणजे भोगाच्या विरुद्ध टोकाला पळणं हा कादंबरीचा इलाज नाही. मला हलवलं ते ययातिच्या सबबींनी, कारण त्या मला ओळखीच्या वाटल्या.

माझ्या घरातला पुरू

इथवरचं लिहिलेलं चर्चासत्रात वाचता येईल. पुढचं कदाचित नाही, पण त्याशिवाय हा लेख खोटा होईल.

माझं वय 31. आबा उद्यमनगरात एका फाउंड्रीत होते, निवृत्त झाले. आता एका वजनकाट्यावर रात्रपाळीला जातात, पावत्या फाडतात. का, तर घरात एक माणूस पीएचडी करतोय. मला फेलोशिप नाही. ज्यांना जेआरएफ आहे त्यांना 2023 पासून महिन्याला 37,000 मिळतात. मी तासिका तत्त्वावर शिकवतो, आणि त्याचे पैसे कधी येतील ते कॅलेंडरला माहीत नसतं. गेल्या वर्षी कुणीतरी घरी येऊन सांगून गेलं की कायम जागा हवी असेल तर ‘तयारी’ ठेवावी लागते. कसली तयारी ते तुम्हाला कळलं असेल. ते गेल्यावर आबा शांतपणे म्हणाले, “रानाचा तुकडा आहे गावाकडं. बघू की.”

मी तेव्हा गप्प बसलो. ‘नको’ म्हणालो नाही. मनात हिशोब चालू होता: वय वाढत चाललंय, बरोबरची पोरं सेटल झाली, फ्लॅट घेतले. आयुष्य थोडं आहे. लवकर घे.

पुरूचा प्रसंग मी ज्या रात्री वाचला, त्या सकाळी आबा साडेसहाला आले. पायरीवर बसून बूट काढत होते, आणि वाकता येईना म्हणून एका पायाच्या टाचेनं दुसरा बूट ढकलत होते. रोजचंच दृश्य. मी रोज बघतो. त्या दिवशी दिसलं.

आपण समीक्षेत नेहमी म्हणतो की ‘ययाति’ ही म्हाताऱ्यांनी तरुणांकडून घेण्याची गोष्ट आहे. माझ्या घरात उलटं चालू होतं. तरणा ययाति म्हाताऱ्या पुरूकडून त्याचं म्हातारपण काढून घेत होता: त्याची झोप, त्याचा विसावा, आणि आता त्याचं रान. कथेतला बाप निदान मागतो तरी. मला मागावंही लागलं नव्हतं.

यानंतर काही चमत्कार झाला नाही. मी पीएचडी सोडली नाही, प्रोफेसर व्हायची इच्छाही सोडली नाही. सोडली असती तर तो यतिचा मार्ग झाला असता. एवढंच केलं की त्याच दिवशी आबांना सांगितलं, रान विकायचं नाही, तसली जागा नको. आणि संध्याकाळचे क्लास धरले. आबा म्हणाले, “तुझी पीएचडी लांबंल की.” म्हटलं, लांबू दे. वजनकाट्यावर ते अजून जातात. पण आठवड्यातून तीनच रात्री. हिशोब पूर्ण मिटलेला नाही, आणि मिटलाय असं लिहिलं तर तुम्ही ओळखाल.

तर मग वाचनाने होतं काय?

हाती आलेलं असं मांडतो. वाचनामुळं मरणाचा विचार येतो, हे खरं आहे पण अपुरं. नुसता मरणाचा विचार स्मशानातही येतो, आणि तो हाव वाढवूही शकतो. खुद्द ययातिच त्याचा साक्षीदार आहे. कादंबरी त्यापुढं जाऊ शकते ती एका गोष्टीमुळं. ती आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून आपलं बिल वाचायला लावते. स्मशानात आपण फक्त स्वतःला त्या चितेवर कल्पून घाबरतो. शर्मिष्ठेचं निवेदन वाचताना आपण स्वतःला चितेवर ठेवत नाही, तर ज्याने ठेवलं त्याच्या जागी सापडतो. ती अस्वस्थता पायऱ्यांच्या वर थोडी जास्त टिकते.

हे सगळ्याच वाचकांचं होतं असा माझा दावा नाही. एका वाचकाचा अनुभव हा निष्कर्ष नसतो. पण तो प्रश्नाची सुरुवात असू शकतो. मार्गदर्शकांकडं विषय घेऊन जाताना ‘अमुक कादंबरीतील तमुक चिंतन’ असं नेण्याऐवजी, वाचताना तुम्हाला नेमकं कुठं टोचलं ते पान घेऊन जा. मग विचारा: हे इथंच का टोचलं? रचनेत काय आहे? आधीच्या कथेत काय होतं आणि लेखकाने काय बदललं? मला उलट पुरावा कुठं सापडेल?

करून बघायचं असेल तर या महिन्यात एकच करा. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून उभं आहे. तुमच्या गावातही असं एखादं वाचनालय असेल, तिथून ‘ययाति’ काढा. चिठ्ठ्या मरणाच्या जागी घालू नका, ते मी करून बसलोय. तुम्ही त्या जागी घाला जिथं कुणीतरी दुसऱ्याच्या इच्छेची किंमत देतंय, आणि प्रत्येक चिठ्ठीवर फक्त नाव लिहा.

शेवटची चिठ्ठी कोरी ठेवा. तिच्यावर कुणाचं नाव येतं ते घरी गेल्यावर कळेल.